घरकुलाचा पैसा कोणत्या रकान्यांत आहे?
(कुपवाड येथील सभेंत झालेलें भाषण)



आज मी तुम्हांला हिशेब सांगणार आहे. हिशेब म्हटला कीं आपले लोक मागें सरकतात. दप्तर दुसऱ्याच्या मांडीवर असावें आणि आपण अंगठा उठवावा, ही खोड पिढ्यान्‌पिढ्यांची! जोतीरावांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यांत शेतकऱ्याचें घर आंतबाहेर दाखविलें आणि त्याच्या घामाचा पैसा कोठें जातो हेंही विचारलें. तोच प्रश्न आपण घरकुलापुरता विचारूं.

कुपवाड १९९८ सालीं सांगली-मिरजेबरोबर महानगरपालिकेंत गेलें. म्हणून येथें शहरी योजना लागू. स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्यास केंद्राचे दीड लाख व राज्याचा एक, मिळून अडीच लाख. आतां हद्द ओलांडून बामणोलीस जा. तेथें ग्रामीण योजना. रक्कम १ लाख २० हजार, पैकीं साठ टक्के केंद्राचे, चाळीस राज्याचे. शौचालयाचे १२ हजार आणि नव्वद दिवसांपर्यंतची मजुरी निराळी धरली, तरी अडीच लाखांची बरोबरी होत नाहीं. वीट तीच, सिमेंटचें पोतें तेंच, गवंडी तर बहुधा बामणोलीचाच!

हा १ लाख २० हजारांचा आंकडा २०१६ सालचा आहे. २०२४ सालीं सरकारनें आणखी दोन कोटी घरें मंजूर केलीं, पण घरामागील आंकडा हलविला नाहीं. २०२५ च्या अंदाजपत्रकांत राज्यानें ५० हजारांची भर जाहीर केली. बरें झालें. पण जाहीर होणें निराळें आणि खात्यावर पडणें निराळें.

अंदाजपत्रकाच्या पुस्तकांत एकेका बाबीपुढें रकाने असतात. एक येत्या वर्षाच्या अंदाजाचा, एक चालू वर्षाच्या सुधारित अंदाजाचा, आणि एक त्यामागील वर्षाच्या प्रत्यक्ष खर्चाचा. डंका वाजतो तो अंदाजाचा. घर उभें राहतें तें प्रत्यक्ष खर्चांतून. अंदाजांत शंभर लिहून सुधारित अंदाजांत साठ केले, तर त्या चाळिसांची सभा कोणी भरवीत नाहीं. अन् ३१ मार्चपर्यंत न खर्चलेली रक्कम खात्याच्या हातून जाते.

जें मिळतें तेंही हप्त्यांनीं. पाया झाला, फोटो गेला, मग पुढचा हप्ता. मधल्या काळांत विटांचे पैसे कोण देणार? सावकार. म्हणजे अनुदान सरकारचें आणि व्याज आपलें. ज्याला जागाच नाहीं त्याचें काय? त्याला ग्रामीण भागांत जागा घेण्यास एक लाखापर्यंत साह्य देणारी पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नांवाची योजना आहे. पण कुपवाडच्या कारखान्यांभोंवती जागेचे भाव काय झाले आहेत, तें तुम्हांला मीं सांगावयास नको.

कारागीर बंधूंचें दुःख आणखी वेगळें. ग्रामीण घरकुलाचें किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारें २७० चौरस फूट. आणि एवढ्या पैशांत फार मोठें बांधणेंही होत नाहीं. त्यांत चूल बसते, लोहाराचा भाता बसत नाहीं. कुंभारानें चाक रस्त्यावर फिरवावें काय? आपल्याकडे घर आणि कारखाना एकच असतो, हें आंकडे मांडणाऱ्याच्या ध्यानीं आलेलें दिसत नाहीं.

बामणोलीकरांनो, घरकुलाची यादी ग्रामसभेपुढें येते. त्या दिवशीं बायकांनीं अवश्य यावें. घर बहुधा त्यांच्या किंवा दोघांच्या नांवें मंजूर होतें. कुपवाडकरांनीं आपल्या नगरसेवकास प्रत्यक्ष खर्चाचा रकाना मागावा. तो इंग्रजींत असेल तर मराठींत मागा. आणि वाचून दाखवायला घरांतली शाळेंत जाणारी मुलगी बरोबर न्या.