इंजिनाची थरथर

पुणें जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यांत भीमेच्या कांठीं वडगांव रासाई हें गांव आहे. नदीपलीकडे दौंड तालुका. दोन्ही तीरांवर ऊंस, आणि उंसाला पाणी म्हणजे पंप. ह्या पंपांना आज बहुधा विजेची मोटार असते. परंतु वीज येण्यापूर्वीं अशा ठिकाणीं तेलाचें इंजिन असे, आणि अडीअडचणीसाठीं जपून ठेवलेलें एखादें अजूनही बाहेर निघतें.

असें इंजिन दुरुस्तीहून परत आलें आणि पहिल्याच दिवशीं थरथरूं लागलें, म्हणजे मालकाच्या पोटांत गोळा येतो. पैसा गेला, ऊंस वाळतो आहे, आणि यंत्र तर पूर्वींपेक्षां वाईट चालतें! मिस्त्री पायाचे बोल्ट आवळतो, खालीं लांकडाची पाचर ठोकतो. थरथर थोडी कमी दिसते. तिचें कारण मात्र जागच्या जागीं राहतें आणि बेअरिंग झिजत जातें.

फिरत्या वस्तूचें वजन आंसाभोंवतीं सारखें वांटलेलें नसेल, तर तिची जड बाजू आंसाला बाहेर ओढते. घरांतील छताच्या पंख्याचीं पातीं दुसऱ्या पंख्याच्या पात्यांशीं बदललीं गेलीं कीं तो डुलूं लागतो, तें ह्याच कारणानें. ही ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. मध्यापासून ३० सेंटिमीटरवर अवघें १०० ग्रॅम वजन अधिक असेल, तर मिनिटास ६५० फेऱ्यांना तें सुमारें १४ किलोंच्या भारानें ओढतें. १,५०० फेऱ्यांना हा भार ७५ किलोंच्या घरांत जातो, आणि त्याची दिशा सेकंदास २५ वेळां फिरते.

तरीही थरथर दिसतांच वजनाला दोष देणें हा उतावळेपणा होय. प्रथम पट्टा किंवा कपलिंग सोडून इंजिन एकटें चालवावें. थरथर गेली, तर दोष पंपांत किंवा दोन यंत्रांच्या जोडणींत आहे. न गेली, तर भर वेगांत तेल बंद करावें. वेग उतरण्याआधींच थरथर थांबली, तर बहुधा तेलाचा फवारा बिघडलेला असतो. वेग उतरतांना मध्येंच एका ठराविक वेगाला यंत्र जोरानें हादरून पुन्हां शांत झालें, तर पाया तपासावा. वेगाबरोबर थरथरही हळूहळू ओसरत गेली, तरच वजनाकडे वळावें.

खरी गोम येथें आहे. एका सिलिंडरच्या इंजिनांत दट्ट्या वर-खालीं धांवतो. त्याचा धक्का फिरत्या वजनानें पुरता फेडतां येत नाहीं, कारण फिरतें वजन आडवेंही ओढतें. म्हणून कारखानदार त्याचा साधारण निम्मा भाग फेडतात. उरलेला पायानें सोसावयाचा. कित्येक जुन्या इंजिनांत हें फेडीचें वजन मोठ्या जडचक्रांतच ओतलेलें असतें. असें चक्र काढून तोलावयास ठेवलें कीं त्याची एक बाजू खालीं येते, आणि नवशिका फिटर ती चूक समजून तेथें भोंक पाडतो. चक्र समतोल होतें, इंजिन कायमचें बिघडतें! चक्र दुसऱ्या खांचेवर बसविलें, किंवा बिडाच्या दट्ट्याऐवजीं अ‍ॅल्युमिनियमचा हलका दट्ट्या घातला, तरीही हिशेब चुकतो.

पंपाच्या पंख्याची गोष्ट निराळी. तो चहूंकडून सारखाच पाहिजे. वाळूनें झिजलेलें पातें वेल्डिंगनें भरलें असल्यास तो सरळ आंसावर घालून दोन समतल धारांवर मोकळा सोडावा. दर वेळीं तीच बाजू खालीं येऊं लागली, तर तेथून थोडें थोडें घांसावें. कोठेंही सोडला तरी तेथेंच स्थिर राहिला म्हणजे झालें. मोटारीचा लांब रोटर मात्र ह्या परीक्षेला उतरूनही थरथरतो. एका टोकाला वरच्या बाजूस आणि दुसऱ्या टोकाला खालच्या बाजूस वजन अधिक असलें, तर स्थिर असतां तें परस्परांस फेडतें, फिरतांना मात्र आंसाचीं दोन टोकें उलट दिशांनीं ओढतें. त्याला फिरवूनच तोलावें लागतें, आणि तें काम शहरांतील कारखान्यांत, त्यासाठीं केलेल्या यंत्रावर होतें.

मालकाच्या हातीं त्याआधींचें एक काम असतें. इंजिन उघडण्यापूर्वीं चक्राचा तुंबा, चावी आणि आंसाचें टोक यांवरून छिन्नीनें एकच सरळ खूण करून ठेवावी, म्हणजे जोडतांना चक्र पुन्हां त्याच जागीं बसेल.