दोऱ्याने मोजलेली अमेरिका

आंब्याचा हंगाम आला की रत्नागिरीत घरोघर अमेरिकेच्या गोष्टी निघतात. कुणाचा मुलगा न्यू जर्सीत, कुणाची नात तिकडे शिकायला, तर कुणाचा हापूसच निघालेला. पोराला मुंबईच्या विमानतळावर सोडून आलेली मंडळी मोबाईलवर विमानाची रेघ बघत बसतात आणि हमखास विचारतात, "अमेरिका पश्चिमेला ना? मग हे उत्तरेला कुठे चाललंय?"

प्रश्न रास्त आहे. भिंतीवरच्या नेहमीच्या नकाशात मुंबई आणि न्यू यॉर्कला पट्टी लावली, तर रेघ अरबस्तान, इजिप्त, मोरोक्को करत अटलांटिकवर उतरते. त्या रेघेने गेलं तर अंतर भरतं सुमारे १४,२०० किलोमीटर. पण या धाटणीचा नकाशा नकाशाकार मर्केटरने १५६९ मध्ये काढला तो खलाशांसाठी. होकायंत्राचा एकच कोन धरून बंदर गाठता यावं, एवढीच त्याची सोय. जवळची वाट दाखवायचं त्याने कबूलच केलं नव्हतं.

आता पृथ्वीगोल घ्या. शाळेच्या कपाटात धूळ खात का होईना, असतोच. व्यास ३० सेंटिमीटर असेल तर घेर झाला ९४. पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटर, म्हणजे गोलावरचा एक सेंटिमीटर साधारण ४२५ किलोमीटरांचा. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबा, दुसरं न्यू यॉर्कवर, आणि ओढा. सैल असतो तोवर दोरा आफ्रिकेवर लोळत असतो. ताण बसला की सरकत सरकत वर जातो आणि रशिया, नॉर्वे, आइसलँडवरून जाऊन घट्ट बसतो. लांबी भरते साडेएकोणतीस सेंटिमीटर. करा गुणाकार: साडेबारा हजार किलोमीटर. पट्टीच्या रेघेपेक्षा जवळजवळ १,७०० कमी!

दोरा नको असेल त्याने अक्षांश-रेखांश घेऊन त्रिकोणमिती करावी. दोन विमानतळांमधला पृथ्वीच्या केंद्रापाशी होणारा कोन येतो ११२.७ अंश. एका अंशाचे साठ भाग, आणि एक भाग म्हणजे एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर. मिरकरवाडा बंदरातल्या तांडेलाला हा मैल शिकवायला नको. ६,७६२ सागरी मैल, उत्तर तेच.

अर्थात विमान काही दोऱ्यावरून जात नाही. पश्चिमेकडून वाहणारे वरचे जोरकस वारे जाताना टाळायचे आणि येताना पाठीवर घ्यायचे असतात. त्यात राजकारण. हा दोरा कच्छ सोडला की लगेच सिंधवर जातो. एप्रिल २०२५ मध्ये, ऐन हंगामात, पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं आणि मुंबईहून वायव्येला निघणाऱ्यांना अरबी समुद्रावरून वळसा पडला. पृथ्वी तेवढीच राहिली, इंधनाचं बिल वाढलं.

गोल हातात आहेच, तर रत्नागिरी-मुंबईही मोजा. मिरजोळ्याच्या विमानतळापासून मुंबईच्या विमानतळापर्यंत सरळ २३५ किलोमीटर, म्हणजे गोलावर जेमतेम अर्धा सेंटिमीटर. अमेरिकेला जाणाऱ्या आंब्याची पेटी मात्र आधी ट्रकमध्ये चढते, परशुराम घाट, कशेडी करत वाशीकडे निघते. त्या अर्ध्या सेंटिमीटरला किती तास लागतील, ते बागायतदाराने ट्रकवाल्यालाच फोन करून विचारावं.