माईक आल्यावर रेकॉर्ड करू!

मी अमरावतीतून, घरूनच बोलतोय. मधेच कुकरची शिट्टी आली तर सांभाळून घ्या.

आज बोलूया आनंद पटवर्धन यांच्याबद्दल. डॉक्युमेंटरी म्हटलं की झोप येते ना? मलाही यायची.

१९७४. बिहारमध्ये जेपींचं आंदोलन पेटलेलं. २४ वर्षांच्या पटवर्धनांकडे धड साधनं नव्हती. घरगुती ८ एमएम कॅमेऱ्यावर शूट केलं, ते पडद्यावर दाखवलं आणि पडद्यावरून पुन्हा १६ एमएमवर उतरवलं. जुगाडच की! त्यातून 'क्रांती की तरंगें' झाली. आणीबाणीत तिची प्रिंट तुकडे करून देशाबाहेर न्यावी लागली.

मग 'हमारा शहर', १९८५. मुंबईच्या झोपडपट्ट्यांवरचे बुलडोझर. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तरी दूरदर्शनवर दाखवण्यासाठी कोर्टात भांडावं लागलं. 'जंग और अमन'ला सेन्सॉरने कट सांगितले. पुन्हा कोर्ट. २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एकही कट न करता परवानगी दिली, आणि तिलाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०१८ मध्ये 'विवेक'ला ॲमस्टरडॅमच्या महोत्सवात सर्वोत्तम डॉक्युमेंटरीचा मान मिळाला.

पण मला हलवलं ते 'जय भीम कॉम्रेड'ने. ११ जुलै १९९७, घाटकोपरचं रमाबाई नगर, पोलिस गोळीबारात १० जण गेले. काही दिवसांत शाहीर विलास घोगरे यांनी आयुष्य संपवलं. हेच घोगरे 'हमारा शहर'मध्ये गायले होते. पटवर्धनांनी पुढची १४ वर्षं शूट केलं. आपण दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये रडतो राव!

मग २०२३ ची 'वसुधैव कुटुंबकम्' पाहिली. त्यात त्यांचे म्हातारे होत चाललेले आई-बाबा आहेत. घरातच, गप्पा मारता मारता टिपलेले. सिनेमा करायचा म्हणून ते शूट सुरूच झालं नव्हतं.

ते बघताना मला रडू आलं. कारण सांगतो. माझ्या आजीला जात्यावरच्या ओव्या यायच्या. दर दिवाळीला मी म्हणायचो, "पुढच्या वेळी चांगला माईक आणतो, मग रेकॉर्ड करू." माईक घेतला. त्याच्यावर हा पॉडकास्ट सुरू आहे. आजी मात्र मागच्या वर्षी गेली. फोनमध्ये तिचे फक्त ११ सेकंद आहेत. त्यातही ती म्हणते, "ठेव थो फोन, जेव पयले."

घोगऱ्यांना आज आपण गाताना बघू शकतो, कारण कुणीतरी वेळेवर कॅमेरा सुरू केला होता.

गेल्या रविवारी मी बाबांसमोर फोन उभा केला. "काहून रे, काय करून राह्यला?" म्हणाले. मी आजीबद्दल विचारलं. चाळीस मिनिटं बोलले. पंख्याचा आवाज आलाय, उजेड कमी आहे. असू दे.

तुमच्याही घरी कुणीतरी आहे. हा एपिसोड संपला की विचारा त्यांना. माईक नंतर घेऊ.

भेटू पुढच्या रविवारी.