नागोयाचा बेंजो, शिगाचे युरागी

जपानच्या नव्या संगीताबद्दल बोला, असं इथल्या आपल्या मराठी मंडळानं सुचवलं तेव्हा माझ्यासमोर एकच नाव आलं: युरागी. हा बँड 2015 साली सुरू झाला. टोकियोचा नव्हे, बिवा सरोवराच्या शिगा प्रांतातला. मला तो उशिराच सापडला, त्यांच्या 2021 च्या ‘फॉर यू, अ‍ॅड्रॉइट इट बट सॉफ्ट’ या अल्बममधून, आणि तेव्हापासून मी तो सोडलेला नाही.

या संगीताला शूगेझ म्हणतात. गिटारचा आवाज पायाशी मांडलेल्या पेडलांतून फाडायचा, लांबवायचा, एकावर एक चढवायचा. वाजवणाऱ्याची मान सतत खाली, कारण सगळं काम पायाशी चाललेलं. गाणाऱ्याचा गळा गिटारच्या वर नसतो, आत असतो. शब्द कळत नाहीत आणि तरी ऊर भरून येतो. युरागीची गायिका अशी गाते, की आवाजाच्या एवढ्या कल्लोळातही तिचा श्वास ऐकू यावा. मला या बँडची हीच सर्वांत मोठी कमाई वाटते.

ही रीत मूळची इंग्लंड-आयर्लंडकडची. माय ब्लडी व्हॅलेंटाइनचा ‘लव्हलेस’ 1991 चा. पण त्यांच्या केव्हिन शील्ड्सनं ज्या यंत्रातून गिटारचे प्रतिध्वनी उलटे फिरवले, ते यामाहाचं होतं, म्हणजे जपानच्याच हमामात्सूतल्या कंपनीचं.

आता महाराष्ट्रातल्या माझ्या शिराळ्याकडे येतो, कारण माझा कान तिथं तयार झाला. नागपंचमी असो, गणपती असो, कुणाची वरात असो, आमच्याकडे बेंजो लागतोच. टेम्पोत बसलेला वादक डाव्या हाताची बोटं बटणांवर नाचवतो, उजव्या हातातल्या नखीनं तारा छेडतो. त्या तारांचा आवाज अ‍ॅम्प्लिफायरमधून कर्ण्यात जातो आणि तिथं चांगलाच फाटतो. त्या फाटण्यातच मजा असते. ताशा थांबला तरी सूर गल्लीत घुमत राहतो. असा आवाज छातीवर घेत मोठ्या झालेल्या माणसाला शूगेझ परकं वाटत नाही.

आणि हा बेंजो आला कुठून? अमेरिकन बँजोशी त्याचं नावापुरतं नातं. 1912 साली नागोयाच्या गोरो मोरिता यांनी टाइपरायटरच्या बटणांवरून सुचलेलं तैशोगोतो हे वाद्य तयार केलं. पुढे ते हिंदुस्थानात पोचलं, बुलबुलतरंग झालं आणि महाराष्ट्राच्या मिरवणुकांनी त्याला वीज जोडली. घरात बसून हळू वाजवायचं वाद्य आम्ही रस्त्यावर आणलं. कुणा संगीत विद्यालयानं नव्हे, तर बेंजो पार्टीतल्या पोरांनी. त्यांना वादक म्हणून मान मिळत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणून दोन विनंत्या. एखाद्या शनिवारी टोकियोतल्या शिमोकिताझावाच्या छोट्या लाइव्ह हाउसमध्ये जा. तिकिटावर एका पेयाचे पैसे वेगळे पडतात. कानात घालायचे बोळे जवळ ठेवा आणि घरातल्या पोरांनाही न्या. दुसरी विनंती मंडळाला. तैशोगोतो इथं जपानमध्ये आजही शिकवतात. पुढच्या गणेशोत्सवात असा एखादा वादक बोलवा, गावाकडचा एक बेंजोवाला आणा आणि दोघांना एकाच मंचावर शेजारी बसवा. बेंजोवाल्याच्या प्रवासखर्चाची वर्गणी मी आजच देतो.