उतारवय आणि शरीराचे संरक्षक बळ



कांजिण्या एकदा येऊन गेल्या की त्यांचा हिशेब संपला, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः अंगावरील फोड सुकतात. त्यांचा विषाणू मात्र मज्जातंतूंच्या गाठींत जन्मभर सुप्त राहतो. शरीराचे संरक्षक बळ जागृत असते, तोवर तो डोके वर काढीत नाही. उतारवयात हे बळ उणावले, की तोच मज्जातंतूच्या वाटेने त्वचेवर येतो. यासच लोक नागीण म्हणतात.

हे बळ उणावते का? उरोस्थीमागे यौवनलोपी नावाची ग्रंथी असते. रोगांशी झुंजणाऱ्या काही श्वेतपेशी तेथे परिपक्व होतात, हे जॅक मिलर यांनी १९६१ मध्ये दाखविले. तारुण्यानंतर ही ग्रंथी आटत जाते. हा निसर्गक्रम काढ्याने वा गोळीने पालटत नाही. तथापि उरलेले बळ राखणे मनुष्याच्या हाती आहे.

नागिणीचे तोंड आणि शेपूट मिळाले की रोगी दगावतो, हे भय निराधार होय. पुरळ बहुधा अंगाच्या एकाच बाजूस उठतो. खरा धोका लेपांत दिवस दवडण्याचा आहे. विषाणुरोधक औषध पुरळ दिसल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू होणे इष्ट; कारण मागाहून राहणारी आग कित्येकांना महिनोन्महिने छळते. डोळ्याजवळ पुरळ उठल्यास दृष्टीसही अपाय संभवतो.

५० वर्षांवरील व्यक्तींसाठी या रोगावर दोन मात्रांची लस आहे. भारतात ती २०२३ पासून मिळते. चाचण्यांत सत्तरीपुढील व्यक्तींनाही तिने सुमारे ९० टक्के संरक्षण दिले. इन्फ्लुएंझाची लस दरवर्षी, तसेच न्यूमोनियाची लस वैद्यकीय सल्ल्याने घ्यावी. लस केवळ बालकांसाठी असते, हा ग्रह आता सोडावयास हवा.

आहाराविषयीही एक भ्रम आहे. वय झाले, आता पेज-लोणचे पुरे, असे म्हणून कित्येक वृद्ध स्वतःस क्षीण करून घेतात. मूत्रपिंडाचा विकार नसल्यास वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने हवीत. म्हणजे ५० किलो वजनाच्या व्यक्तीस ५० ते ६० ग्रॅम. डाळ, दूध, दही, उसळी आणि ज्यांना चालते त्यांना अंडी वा मासळी यांतून ती मिळतात. उपवासाच्या दिवशीही दूध व शेंगदाणे यांचा विसर पडू नये. मधुमेह्याने तर वैद्याला विचारल्यावाचून उपवास करूच नये. आठवड्यास निदान १५० मिनिटे चालणे आणि पुरेशी झोप यांचीही जोड हवी.

वृद्धांस न्यूमोनिया झाला तरी कधी ताप चढत नाही. केवळ भ्रम होतो वा अन्न नकोसे वाटते. घरच्यांनी ‘वयच झाले’ म्हणून त्याकडे काणाडोळा करू नये. वडीलधाऱ्यांची सेवा म्हणजे केवळ नमस्कार नव्हे. त्यांच्या ताटाकडे आणि तोंडावरील कळेकडे वेळीच लक्ष देणे, हीही सेवाच होय.