‘अव्हॉइड’ म्हणजे ‘शक्यतो नको’?

आजचा शब्द तुम्ही सकाळपासून एकदा तरी वापरला असेल. अव्हॉइड. मेसेजवर निळी टिक दिसते, उत्तर मात्र येत नाही, मग आपण विचारतो, ‘काऊन बे, मले अव्हॉइड करून राहिला का?’ इथे अर्थ झाला तोंड चुकवणं. ‘मी गोड अव्हॉइड करतो’ म्हणजे पथ्य. पण लग्नात जिलेबी आली तर एखादी चालते! आपल्या बोलण्यात या शब्दाला एक ‘शक्यतो’ चिकटलाय.

याचे भाऊबंदही आहेत. डॉज म्हणजे खो-खोतली हुलकावणी. इव्हेड म्हणजे लबाडीने चुकवणं. म्हणून टॅक्स इव्हेजन हा गुन्हा. आणि परीक्षेसाठी एवढं लक्षात ठेवा, अव्हॉइडनंतर ‘टू गो’ येत नाही, ‘गोइंग’ येतं.

आता फवारणीच्या औषधाचा डबा हातात घ्या. (विषाला आपण औषध म्हणतो, हीसुद्धा गंमतच.) त्यावर बारीक अक्षरात असतं, ‘अव्हॉइड इनहेलेशन’, ‘अव्हॉइड कॉन्टॅक्ट विथ स्किन’. इथे जिलेबीवाली सूट नाही. हा हुकूम आहे. श्वासातून आत जाऊ देऊ नका, अंगाला लागू देऊ नका. मराठीत त्याचं ‘संपर्क टाळा’ झालं की वाचणाऱ्याला तो सल्ला वाटतो. माझ्या मते हे भाषांतर बरोबर असूनही कमजोर आहे.

हे यवतमाळात बसून बोलतोय, कारण २०१७चा हंगाम. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, फवारा तोंडावर यायचा. जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २०हून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. लेबल नीट वाचलं असतं तर सगळे वाचले असते, असं मी अजिबात म्हणत नाही. रोजीने फवारणाऱ्या माणसाला हातमोजे, मास्क देतो कोण? बऱ्याचदा त्याच्या हाती डबा येतच नाही. ड्रममध्ये दोन-तीन औषधं आधीच कालवलेली असतात, त्याने फक्त पंप भरायचा.

डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग तरी बघा. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा म्हणजे बिनधास्त नाही, फक्त कमी विषारी.

घरी फवारणी असेल तर मोबाईलने लेबलचा फोटो काढा, मोठा करा आणि जो पंप पाठीवर घेणार आहे त्याला वाचून दाखवा. ‘टाळा’ म्हणू नका. ‘काका, अंगाला लागू देऊ नका, वाऱ्याच्या तोंडाला फवारू नका, हात धुतल्याशिवाय खर्रा तोंडात घालू नका,’ असं सरळ सांगा.