खेळाडूचा प्रतिनिधी : एक व्यवसाय, एक जबाबदारी



मैदानावर खेळणारा खेळाडू आपणा सर्वांना दिसतो. परंतु त्याच्या वतीने मालकासमोर बसून करार ठरविणारा माणूस कोणाला दिसत नाही. त्याला स्पोर्ट्स एजंट म्हणजे खेळाडूचा प्रतिनिधी म्हणतात. त्याच्या कामाविषयी मी आज चार शब्द सांगणार आहे.

हा व्यवसाय अमेरिकेत रुजला. १९६० साली मार्क मॅकॉर्मॅक या वकिलाने अर्नोल्ड पामर या गोल्फपटूचे काम केवळ हस्तांदोलनावर हाती घेतले. आपल्याकडे १९९५ साली मार्क मस्करेन्हास यांच्या वर्ल्डटेलने सचिन तेंडुलकर यांच्याशी पाच वर्षांचा करार केला, तेव्हा क्रिकेटपटूच्या नावालाही बाजारात मोल आहे हे लोकांना उमगले.

पण मित्रहो, सौदा करण्याचा हक्क खेळाडूला फुकट मिळालेला नाही. अमेरिकन बेसबॉलमध्ये करार संपला तरी संघ खेळाडूला सोडीत नसे. आपण कोणाची मालमत्ता नाही, असे म्हणून कर्ट फ्लड हा कृष्णवर्णीय खेळाडू सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७२ साली तो हरला. पुढे १९७५ च्या लवादाच्या निर्णयाने इतर खेळाडूंना वाट मोकळी झाली. हक्क आला, तेव्हाच त्या हक्काची बाजू मांडणाऱ्या प्रतिनिधीला खरी किंमत आली.

प्रतिनिधी काय करतो? मानधन ठरवितो, जाहिराती मिळवितो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे अटी वाचतो. दुखापत झाल्यास पैसे मिळणार काय? करार मध्येच कोण मोडू शकतो? खेळाडूचे नाव व छायाचित्र किती काळ वापरणार? बावीस वर्षांच्या मुलाला हे प्रश्न सुचत नाहीत. समोर मात्र मालकाचे वकील बसलेले असतात, आणि खेळण्याची वर्षे थोडी असतात.

मोबदला टक्केवारीने मिळतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये खेळाडूंच्या संघटनेने संघाशी होणाऱ्या करारावर कमाल ३ टक्के मर्यादा घातली आहे. म्हणजे १ कोटीवर ३ लाख. आयपीएलसारख्या लिलावात मात्र किंमत बोलीने ठरते. तेथे प्रतिनिधीचे काम मुख्यतः जाहिरातींचे.

आता दुसरी बाजू. विल्यम ब्लॅक या अमेरिकन एजंटाला आपल्याच खेळाडूंच्या लक्षावधी डॉलरच्या फसवणुकीबद्दल २००२ साली दोषी ठरविण्यात आले. मी बँकेत लिपिक आहे. आमच्याकडे एकाने केलेली नोंद दुसरा तपासून पास करतो. यात कोणावर अविश्वास नाही, ती शिस्त आहे. खेळाडूनेही तसेच करावे. करार ठरविणारा एक, पैसे सांभाळणारा दुसरा आणि हिशेब तपासणारा तिसरा असावा. सरसकट मुखत्यारपत्र कोणालाही देऊ नये.

विद्यार्थी मित्रांनो, कायदा वा वाणिज्य शिकणाऱ्यांनी या क्षेत्राचा जरूर विचार करावा. फुटबॉलच्या फिफा या जागतिक संघटनेने २०२३ पासून एजंटांना परीक्षा पुन्हा लागू केली आहे. आणि तुमच्यापैकी जे खेळाडू होतील, त्यांनी वाचल्याशिवाय सही करू नये, कोऱ्या कागदावर तर कधीच नाही, आणि कराराची प्रत आपल्या घरी ठेवावी. प्रतिनिधी आपण नेमलेला असतो, तो आपला मालक नव्हे.